‘डिसायडेड’ लिहिलं आणि ऑर्डर अडकली: शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली ही फाउंड्री ना फार मोठी, ना फार लहान. पंप आणि व्हॉल्व्हची ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाची, कास्टिंग ओतायची, थोडंफार मशिनिंग करायचं आणि माल रवाना करायचा. बराचसा माल पुण्याला आणि बेळगावला जातो. परदेशातलं गिऱ्हाईक एकच, इंग्लंडमधला पंप बनवणारा एक कारखाना. ओळख पटू नये म्हणून जॉबचे काही तपशील बदलले आहेत. मेलमधली वाक्यं मात्र जवळपास तशीच ठेवली आहेत, कारण सगळं रामायण त्या वाक्यांमुळेच घडलं.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा मुलगा, म्हणजे धाकटे मालक, इंजिनिअर; तो शॉप सांभाळतो. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो मूळ आकार, बनवणारे काका खरं तर बाहेरचे; त्यांचं वर्कशॉप उद्यमनगरात, पण अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा घरोबा. चौथी व्यक्ती म्हणजे ऑफिसमधली ताई. शिक्षण मराठी माध्यमात, मग बी. कॉम. जीएसटीपासून डिस्पॅचपर्यंत सगळं तीच बघते आणि इंग्लंडचे मेलही तीच लिहिते. तिचं स्पेलिंग चुकत नाही, वाक्यं सुटसुटीत असतात. तिचं इंग्रजी कच्चं होतं म्हणून हे घडलं, असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही.

मी कारखान्यांतल्या लोकांना कामापुरतं इंग्रजी शिकवतो. धाकट्या मालकांनी मला बोलावलं ते गाडी रुळावरून घसरल्यावर.

पुढचं समजण्यासाठी फाउंड्रीतली एक गोष्ट माहीत हवी. पॅटर्न बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. त्याने त्याचे पैसे मोजलेले असतात, फाउंड्री तो फक्त सांभाळते आणि वापरते. धातू आत सोडायचा मार्ग, रायझर (कास्टिंग गार होताना आकसतं तेव्हा जादा धातू पुरवणारा साच्यातला साठा) कुठे ठेवायचा, हे फाउंड्रीच्या हातात राहतं. पण तयार कास्टिंगचं माप ज्याने बदलेल अशा कशालाही गिऱ्हाइकाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नसतो. परवानगी मिळाली तरी नवे नमुने पाठवायचे, त्यांनी मोजायचे, पास करायचे, मग माल सुरू.

अडचण काय झाली

पंपाच्या एका हाउसिंगला आतल्या कोपऱ्यात बारीक तडा जात होता. कोपरा धारदार असला की कास्टिंग गार होताना ताण तिथेच येतो. काकांनी जॉब हातात फिरवून सांगितलं, गोलाई वाढवा, तडा जायचा नाही. अण्णांना पटलं. संध्याकाळी घरी निघता निघता ते ताईला म्हणाले, “कळवून टाक त्यांना, आपण पॅटर्न बदलायचं ठरवतोय. आतली गोलाई वाढवतोय, म्हणावं. आणि ठरल्याप्रमाणे सॅम्पल पाठवतो म्हणून सांग.”

ताईने लिहिलं: “वी डिसायडेड टू चेंज द पॅटर्न. द फिलेट रेडियस इज इन्क्रीज्ड. अ‍ॅज डिसायडेड, वी विल सेंड न्यू सॅम्पल्स.”

उन्हाळ्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं. मेल इथून सातच्या सुमारास गेला. तिकडे तेव्हा दुपारचे अडीच, सगळे कामावर. इकडे ऑफिसला कुलूप लागलेलं असताना उत्तर येऊन पडलं: “हू डिसायडेड धिस? प्लीज स्टॉप ऑल वर्क ऑन अवर टूलिंग.” टूलिंग म्हणजे इथे तो पॅटर्नच. त्यांचं घाबरणं रास्त होतं. त्याच कोपऱ्यात त्यांचा एक बुश, म्हणजे आत बसवायची नळीसारखी कडी, टेकतो. गोलाई वाढली तर बुशची कड त्या गोलाईवर चढते आणि तो पुरता बसत नाही. पॅटर्न बदलून झाला आहे आणि पुढचा सगळा माल तसाच येणार, असा अर्थ त्यांनी घेतला. त्या वाक्यांचा दुसरा अर्थ निघतही नव्हता.

सकाळी ताईने मेल बघितला. अण्णा बाहेर गेलेले. तिने आपल्या परीने सावरायला लिहिलं: “इट वॉज डिसायडेड इन द मीटिंग.” यावर तिकडून आलं की कुठली मीटिंग, कोण होतं, आम्हाला कळवलं का नाही. सोबत तयार असलेली कन्साइनमेंट रोखण्याची सूचना.

आणि या सगळ्या वेळात पॅटर्न काकांच्या रॅकवर धूळ खात पडलेला. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.

आता ‘ठरवणे’ बघा. “आम्ही महाबळेश्वरला जायचं ठरवतोय” म्हणजे विचार चालू आहे, बुकिंग झालेलं नाही, कदाचित जाणारही नाही. ‘ठरवतोय’ला मागे फिरायची वाट मोकळी असते. “आम्ही ठरवलं” म्हटलं की ती बरीचशी बंद होते. आणि “ठरलं” म्हटलं की ठरवणाराच वाक्यातून गायब होतो. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा गल्लोगल्ली पोचली होती. काय ठरलंय, कुणी ठरवलंय, हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही, तरी ऐकणाऱ्याला सगळं समजत होतं. समजत होतं, कारण ऐकणारा इथलाच होता. इंग्लंडमधला खरेदी अधिकारी इथला नाही. ‘डिसायडेड’ वाचलं की त्याच्या लेखी विषय संपलेला असतो, आणि तो कुणी संपवला हे त्याला वाक्याच्या सुरुवातीलाच हवं असतं.

‘अ‍ॅज डिसायडेड’ने तर आगीत तेल ओतलं. अण्णांच्या ‘ठरल्याप्रमाणे’मध्ये दोन्ही बाजूंची संमती गृहीत होती: माप बदललं तर नमुने पाठवायचे, हे दोघांत आधीपासून ठरलेलंच आहे. आपल्याकडच्या ऑफिसांत ‘अ‍ॅज डिसायडेड’ असं सर्रास लिहितात आणि पुण्याच्या पार्टीला त्यात वावगं वाटत नाही. इंग्लंडमध्ये दोघांनी मिळून ठरवलेल्याला ‘अ‍ॅज अग्रीड’ म्हणतात. ‘अ‍ॅज डिसायडेड’ त्यांनी ‘आमचं आम्ही ठरवलंय त्याप्रमाणे’ असं वाचलं.

कोणते पर्याय समोर होते

अण्णांचा पहिला विचार फोन करायचा. “समोरासमोर बोललं की मिटतंय ओ सगळं.” एरवी मीही हेच सुचवलं असतं, पण गिऱ्हाइकाने लेखी विचारलं होतं आणि त्याला फाइलला लावायला लेखी उत्तर हवं होतं. शिवाय फोनवर ‘डिसायडेड’चा शेवट खाल्ला जातो, ‘वी डिसाइड’ एवढंच ऐकू जातं, म्हणजे गोंधळात भरच.

धाकट्या मालकांचं मत पडलं, हा शब्दच बंद करा. ‘प्रपोज’, ‘अग्री’, ‘कन्फर्म’ एवढ्यावर भागवायचं. यात दम होता आणि यातलं अर्धं आम्ही उचललंही. अडचण अशी की काही गोष्टी फाउंड्री खरोखरच स्वतः ठरवते, ते ठाम सांगायला हा शब्द लागतो. आणि समोरून येणाऱ्या मेलमध्ये तो येतच राहणार; लिहायचा नाही म्हटलं तरी वाचायचा तर आहे.

मोबाइलवरचं भाषांतर हा तिसरा मार्ग. ताई ते आधीपासून अधूनमधून वापरायची. वाक्य गुळगुळीत मिळतं, पण अण्णांच्या “ठरलंय”मध्ये कर्ताच नसेल तर यंत्र तो आणणार कुठून? बाहेरच्या माणसाकडून मेल लिहून घेण्याचाही विषय निघाला. त्याला रायझर म्हणजे काय इथपासून समजवावं लागलं असतं, म्हणून तो तिथेच सोडला.

राहिलं ते ताईला हेच एक क्रियापद नीट शिकवणं. तोच मार्ग धरणार होतो, पण त्याआधी मी तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला: गोलाई वाढवायचं कुणी ठरवलं?

अण्णा म्हणाले, काकांनी. काका म्हणाले, “मी आपलं सुचवलं. ठरवायचं काम मालकांचं.” धाकटे म्हणाले, गिऱ्हाईक हो म्हणेल तेव्हा ठरलं म्हणायचं, तोवर काहीच ठरलेलं नाही.

या प्रकरणाची कलाटणी मला इथे दिसते. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि ताईने त्यातून एक इंग्रजी वाक्य करायचं. मराठीत चारही जणांचं रोजचं काम ‘ठरलंय’वर बिनबोभाट चालत होतं. इंग्रजी वाक्याला कर्ता लागला तेव्हा कळलं की तो कोण, हे कारखान्यातच कुणी ठरवलेलं नाही. नुसतं व्याकरण शिकवून भागणार नव्हतं.

काय केलं

आधी आग विझवली. काकांनी पॅटर्न रॅकवरून काढला, फडक्याने पुसला, आणि रेडियस गेजची ३ मिमीची पात कोपऱ्यात बसवून धरली. पातीवरचा आकडा वाचता येईल असा फोटो ताईने काढला. पहिल्या फोटोत ट्यूबलाइटचा उजेड पातीवर चमकला आणि आकडा दिसेना, मग दारात उभं राहून पुन्हा काढला. ड्रॉइंगवरही ३ मिमीच आहे. त्या फोटोसोबत मेल गेला: “द पॅटर्न हॅज नॉट बीन चेंज्ड. वी प्रपोज टू इन्क्रीज द रेडियस. द डिसिजन इज युअर्स.” पॅटर्न बदललेला नाही, आमचा प्रस्ताव आहे, निर्णय तुमचा. माफीचं एकच वाक्य. अण्णांना चार हवी होती.

मग जुने मेल काढले. ताईने ‘डिसायडेड’ शोधून ज्यात तो सापडला ते सगळे छापले, टेबलावर पसरले आणि आम्ही एकेक घेऊन बसलो. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांपेक्षा हे बरं पडतं, कारण प्रत्येक वाक्यामागे खरं काय घडलं होतं ते तिला आठवत होतं.

बहुतेक ठिकाणी प्रश्न काळाचा निघाला. विचार चालू असताना तिने ‘डिसायडेड’ लिहिलं होतं. तिथे ‘वी आर थिंकिंग ऑफ चेंजिंग’ किंवा ‘वी आर कन्सिडरिंग’ हवं. ‘वी आर डिसायडिंग टू चेंज’ हे ‘ठरवतोय’चं शब्दशः रूप तिला फार जवळचं वाटायचं, पण इंग्रज माणूस तसं लिहीत नाही. ‘वी आर स्टिल डिसायडिंग व्हेदर टू चेंज’ असं मात्र लिहितो: बदलायचं की नाही ते अजून ठरतंय. मध्ये ‘व्हेदर’ आला की दोन्ही वाटा उघड्या आहेत हे वाचणाऱ्याला कळतं. त्याहून सोपं ‘वी हॅव नॉट डिसायडेड येट’.

दुसरा घोळ ‘ऑन’चा. मराठीत रंग ठरवला, भाव ठरवला, तारीख ठरवली. कर्म थेट येतं. म्हणून तिने ‘वी डिसायडेड ग्रे पेंट’ लिहिलं होतं. आपण एखादी वस्तू किंवा पर्याय नक्की करतो तेव्हा इंग्रजीत ‘डिसायडेड ऑन ग्रे पेंट’ होतं. ‘ऑन’ न लावता नाम आलं की बहुतेक वेळा निकाल लावण्याचा अर्थ येतो: ‘द प्राइस विल डिसाइड द ऑर्डर’, म्हणजे ऑर्डर मिळणार की जाणार ते भावावर. पुढे क्रियापद असेल तर ‘टू’: ‘डिसायडेड टू शिप बाय सी’. ‘डिसायडेड शिपिंग’ चालत नाही. नको असं ठरलं असेल तर ‘अगेन्स्ट’: ‘वी डिसायडेड अगेन्स्ट एअर फ्रेट’. तारखेसाठी तर ‘डिसाइड’च्या मागेच लागू नये, ‘फिक्स’ किंवा ‘सेट’ बरं.

नकाराच्या जागेवर ताई स्वतःच थबकली. एका मेलमध्ये तिने ‘वी डिड नॉट डिसाइड टू सेंड द लॉट’ लिहिलं होतं. तिला म्हणायचं होतं की लॉट न पाठवायचं ठरवलं, कारण त्यात ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडलेली भोकं, निघाले होते. वाक्याचा अर्थ मात्र ‘पाठवायचं असं काही आम्ही ठरवलं नव्हतं’ असा होतो, म्हणजे जबाबदारी झटकल्यासारखा. हवं होतं ‘वी डिसायडेड नॉट टू सेंड’. हा फरक मराठीतही जसाच्या तसा आहे. “न पाठवायचं ठरवलं” आणि “पाठवायचं ठरवलं नाही” यांत ‘न’ कुठे बसतो बघा. हे दाखवल्यावर मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. राहिलेले कागद तिने स्वतःच लाल पेनने नीट केले.

‘चूज’वर फार वेळ घालवला नाही. समोर ठेवलेल्या दोन-तीन वस्तूंतून एक उचलायची तर ‘चूज’; काय करायचं याचा निर्णय असेल तर ‘डिसाइड’. भूतकाळ ‘चोज’, एकाच ‘ओ’चा, आणि फसगत होते ती इथेच. ‘टेक अ डिसिजन’ की ‘मेक अ डिसिजन’ यावर धाकट्या मालकांना वाद घालायचा होता. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात.

शेवटचं काम कारखान्याचं होतं, माझं नव्हे. कुठली गोष्ट कोण ठरवतो ते अण्णांनी लिहून काढावं, असं मी म्हणालो. आधी ते तयार नव्हते. “घरचीच माणसं हायत, ल्ह्यायचं काय त्यात?” मुलाने कागद पुढे सरकवला, तेव्हा लिहिलं. धातूचा मार्ग, रायझर, वाळू, हीटची (भट्टीतल्या एका वितळणीची) वेळ: फाउंड्री ठरवणार, सही धाकट्यांची. भाव आणि मुदत: अण्णा. माप, ग्रेड, रंग: गिऱ्हाईक, आपण फक्त सुचवायचं. काका सगळ्याच बाबतीत सुचवणार, ठरवणार कशातच नाहीत. हे वाचून काका मनापासून हसले, म्हणाले, आयुष्यभर हेच तर सांगत आलोय. तो कागद ताईच्या मॉनिटरशेजारी चिकटवला आहे. ‘फाउंड्री’ आणि ‘अण्णा’ या रकान्यांतल्या गोष्टींना ‘डिसायडेड’, तिसऱ्या रकान्याला ‘प्रपोज’ किंवा ‘सजेस्ट’, आणि दोघांनी मान्य केलेल्या कशालाही ‘अग्रीड’.

काय निष्पन्न झालं

फोटोचा मेल गेल्यावर रोखलेली कन्साइनमेंट सुटली. गोलाईचा प्रस्ताव त्यांनी नाकारला, बुशमुळे. त्याऐवजी बुशची कड त्यांच्याकडेच थोडी छाटता येते का ते बघतो, असं कळवलं. तोवर इकडे धाकट्यांनी कास्टिंग साच्यातून काढायचा वेळ वाढवून बघितला, जॉब सावकाश गार होऊ लागला आणि तडे कमी झाले. हा निर्णय पहिल्या रकान्यातला, म्हणून ताईने बेधडक लिहिलं: “वी हॅव डिसायडेड टू कूल द कास्टिंग्ज लाँगर इन द मोल्ड.” यावर कुणी ‘हू डिसायडेड’ विचारलं नाही.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. ताई काही काळ इतकी सावध झाली की प्रत्येक गोष्टीला ‘वी हॅव नॉट डिसायडेड येट’ लिहू लागली, अगदी डिस्पॅचच्या तारखेलासुद्धा. गिऱ्हाइकाने विचारलं, मग कधी ठरवणार? तेव्हापासून त्या वाक्यापुढे ‘वी विल डिसाइड बाय फ्रायडे’ असा दिवस घालायची सवय लावली. आणि अण्णा अजूनही “ठरलंय, कळवून टाक” असंच सांगतात. फरक एवढाच की ताई आता विचारते, “कुणाचं ठरलंय अण्णा, आपलं की त्यांचं?” सुरुवातीला त्यांना ते उलट बोलल्यासारखं वाटायचं. आता उत्तर देतात, कधी कधी थोडा विचार करून.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरा मेल, मीटिंगवाला, जायलाच नको होता. पहिल्या मेलने गैरसमज झाला. दुसऱ्याने संशय निर्माण केला, कारण त्यात एक न झालेली मीटिंग होती. ताई खोटं बोलली नाही, वर्कशॉपमधल्या उभ्या उभ्या झालेल्या बोलण्याला तिने मीटिंग म्हटलं. पण मालक जागेवर नसताना “वी विल रिप्लाय टुमॉरो” एवढं लिहून थांबायची मुभा तिला आधीच द्यायला हवी होती. लहान कारखान्यांत ती देत नाहीत. गिऱ्हाइकाला लगेच उत्तर गेलंच पाहिजे, असा समज असतो.

प्रशिक्षण एकट्या ताईला दिलं, हेही अपुरंच. वाक्य सांगणारे अण्णा आणि धाकटे, दोघेही त्या टेबलाशी बसले असते तर कागदाचं काम आधी झालं असतं आणि क्रियापदाचं मागाहून, तेही निम्म्या वेळात.

आणि लिहिण्यावर सगळा भर दिला, वाचणं राहून गेलं. याचा फटका नंतर बसला. पुढच्या एका जॉबवर इंग्लंडहून मेल आला: “वी आर माइंडेड टू अ‍ॅक्सेप्ट युअर प्राइस.” ताईने आणि धाकट्यांनी तो मंजुरी म्हणून वाचला आणि काकांना नव्या पॅटर्नचं काम सांगितलं. ‘माइंडेड टू’ ही इंग्रजांची खास सरकारी वळणाची बोली: कल तुमच्याकडे आहे, निर्णय झालेला नाही. म्हणजे आपलं ‘ठरवतोय’च, फक्त सुटाबुटातलं. या वेळी भाव पुढे मंजूर झाला म्हणून निभावलं. समोरून येणाऱ्या मेलमधल्या अशा अर्धवट होकारांची यादी आता ताई करते आहे. त्यात ‘इन प्रिन्सिपल’ (तत्त्वतः) आणि ‘सब्जेक्ट टू’ (अमुक अटीवर) एवढे दोन तिने स्वतःच टिपले आहेत.